वासनेचा अर्ज

"बाई, वासना बघा की जरा!"

शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, भूगोलाचे सर मला हे म्हणाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि सोलापुरात येऊन मला चारच दिवस झाले होते. एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत मराठी शिकवायला म्हणून मी वाईहून आले होते; त्या बाई परत आल्याच नाहीत आणि मी राहिले, ही पुढची गोष्ट. सरांच्या हातात पांढऱ्या द्राक्षांचा घड होता आणि तो त्यांनी थेट माझ्या नाकासमोर धरला होता. मी ताडकन उठले, हजेरीपट उचलला आणि समोरच्या वर्गात जाऊन उभी राहिले. तिथं गणिताचा तास चालू होता. गणिताचे सर फळ्यावरची बेरीज अर्धवट सोडून माझ्याकडं बघत राहिले, मुलंही बघत राहिली, आणि मला परत फिरायचंही सुचेना.

पंधरा दिवस मी भूगोलाच्या सरांशी अबोला धरला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. शेवटी आमच्या शिपायानं चहा देता देता माझी समजूत घातली. "बाई, सर घरात कानडी बोलत्यात. कानडीत वासने म्हंजे वास. चांगला वास. तुमी उगंच रुसला की."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं, पण मला आणखी राग आला. मराठी शाळेत शिकवायचं तर मराठी नीट बोलावं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आजही ते फारसं बदललंय असं नाही. फक्त त्या मताची किंमत एकदा मोजली गेली आहे आणि ती मी मोजलेली नाही, दुसऱ्यानं मोजली आहे, एवढं आता मला कळतं.

सर अक्कलकोट तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या सरहद्दीवरच्या मैंदर्गीचे. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि पायजमा, डोक्यावर काळी टोपी, आणि या सगळ्याच्या पुढं अर्धं पाऊल चालणारं नाक. मांसमच्छी तर सोडाच, त्यांना विडी-सुपारीही चालत नसे. चहासुद्धा ते पीत नसत. कप हातात घेत, डोळे मिटून त्याचा वास घेत आणि तो शेजारी सरकवून देत. शाळेतले कवायतीचे सर कायम त्यांच्याच शेजारी का बसतात, हे मला महिनाभरानं उमगलं.

मुलांच्या वह्यासुद्धा ते उघडण्याआधी हुंगत. "ही पूर्वभागातली. सुताच्या खळीचा वास हाय. घरात माग असनार." एकदा दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून त्यांनी दोन मुलांना उभं केलं. एक राहायचा स्टेशनजवळ, दुसरा पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. सर म्हणाले, "दोन्ही वह्यांना एकाच घरातल्या लसणाच्या चटणीचा वास येतोय. गृहपाठ कुणी कुणाचा उतरवला तेवढं सांगा, चटणी कुणाच्या आईची ते मला म्हाईत हाय." पोरांनी निमूट कबुली दिली.

मुलं त्यांना 'पर्जन्यछाया' म्हणत. त्याला कारण होतं. सह्याद्री सगळा पाऊस पलीकडं अडवून धरतो आणि आपण त्याच्या सावलीत कोरडे राहतो, हे नववीच्या पुस्तकात दोन ओळींत आहे. सर त्यावर आठ तास घेत. आणि रडगाणं म्हणून नव्हे, थोरवी म्हणून. त्यांचा सिद्धान्त असा की पाणी कमी तिथं वास जास्त. "पाणी लई झालं की गोष्ट नुसती फुगती. आमची ज्वारी बघा. हुरडा भाजला की वास चार शेतं पलीकडं जातोय. कोकणातला भात जातोय का?" माणसांनाही ते हीच फूटपट्टी लावत. माझ्या एका व्याख्यानानंतर म्हणाले, "बाई, तुमच्या वाईला कृष्णा हाय, पाऊस हाय, म्हणून तुमचं बोलनं लई गोड. पन वास न्हाय." मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी व्याख्यानाचं टिपण काढून वाचलं तर खरोखरच त्यात नुसतं पाणी होतं.

युरोप शिकवायला लागले की सरांची काठी इकडंतिकडं फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबायची. आमच्या भिंतीवरच्या नकाशात फ्रान्स आणि जर्मनीच्या मधोमध, ऱ्हाईन नदीच्या काठी, बोटाच्या पेराएवढा कागद झिजून पांढरा झाला होता. त्या पट्ट्याचं नाव आल्सास. "आपला सह्याद्री, तसा त्यांचा व्होज पर्वत. पाऊस सगळा पश्चिमेला. हे बिचारे सावलीत. आणि बघा, सरहद्दीवरची माणसं. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. कधी या राज्यात, कधी त्या राज्यात. अक्कलकोट तालुकाच की हो हा!" मग ते आवाज खाली आणून सांगत की या कोरड्या पट्ट्यात एक पांढरी वाइन होते आणि तिला गुलाबाचा आणि सुंठीचा वास येतो. जन्मात थेंब न चाखलेला माणूस मुलांना हे अशा भक्तीनं सांगे, की पुढच्या बाकावरची मुलं नकळत नाकानं श्वास ओढत.

हे वेड त्यांना लागलं एका रिकाम्या बाटलीपायी. आईच्या डोळ्यांवर उपचार करायला ते तिला एका दवाखान्यात नेत. तिथल्या परदेशी डॉक्टरीणबाई त्या आल्सासच्या. त्यांच्या खोलीत एक उंच, निमुळती हिरवी बाटली पडलेली होती. सरांनी सवयीप्रमाणं ती उचलून हुंगली. "आनि बाई, मी तितंच बसलो," हे सांगताना ते खरोखर खुर्चीत बसत. "आमच्या आजोबांनी निजामाच्या मुलखातनं द्राक्षाची काडी आणून लावलीवती. तिच्या घडाला हीच वासने. तीच! मला वाटायचं जगात फक्त आमच्याच रानात हाय." डॉक्टरीणबाईंनी हसून बाटली देऊन टाकली, आणि पुढं मायदेशी गेल्यावर वाइन कशी करतात ते दोन पत्रांतून कळवलं. ती बाटली सर बूच घट्ट लावून ठेवत आणि वर्षातून एकदाच, द्राक्षं पिकली की, घड शेजारी ठेवून क्षणभर उघडत. वास संपू नये म्हणून.

त्या वेली अर्ध्या एकरावर होत्या. जाड सालीची, दोन-दोन बियांची द्राक्षं, आणि पिकली की देठावरून टपाटप गळणारी. अक्कलकोटच्या बाजारापलीकडं ती धड जात नसत. शेत बघायचे सरांचे थोरले बंधू, अण्णा. आजूबाजूला सगळ्यांनी बिनबियांची द्राक्षं लावली होती आणि अण्णांनाही तीच लावायची होती. अण्णांचं काही चूक होतं असं मी म्हणणार नाही. नाकानं पोट भरत नाही. शेवटी भावाभावांत ठरलं ते असं: पुढच्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत सरांनी त्या द्राक्षांची वाइन करून दाखवावी. नाहीतर पाडवा झाला की वेली काढायच्या.

आता दारूबंदीचा काळ. वाइन करायची तर सरकारचा परवाना हवा. कवायतीचे सर म्हणाले, "अहो, सगळं गाव गुपचूप करतंय. तुमी एक बरणी घातली तर कोन बघतंय?" सरांनी त्यांच्याकडं असं बघितलं की जणू त्यांनी नकाशात सोलापूर समुद्रात दाखवलं होतं. "मुलांना सरहद्द काढायला मी शिकवतो. आनि मीच वलांडू?"

म्हणून त्यांनी अर्ज लिहिला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडं आणला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'सदर द्राक्षांची वासना अत्यंत तीव्र असून ती पुरी करण्याची संधी शासनाने अर्जदारास द्यावी.'

मी हसत सुटले. मग लाल शाई घेतली. जिथं जिथं 'वासना' होतं तिथं 'सुगंध' केलं. सर कुरकुरले. "बाई, सुगंध म्हंजे उदबत्ती. तो वरनं येतोय. वासने आतनं येती." मी म्हटलं, "सर, मराठीची बाई कोण आहे?" त्यांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. एका शाकाहारी, विभूती लावणाऱ्या शिक्षकाच्या अर्जात 'मद्य' हा शब्दही मला शोभेना, म्हणून तिथं मी 'द्रव' घातलं. अर्ज कसा झकास झाला. 'सुगंधी द्राक्षांपासून सुगंधी द्रव तयार करण्याचा परवाना.' मी स्वतःवर खूश होते.

उत्तर यायला मार्च उजाडला. घड गळून गेले होते. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. माझ्या शब्दांमुळं अर्ज भलत्याच टेबलावर, अत्तरं आणि तेलं बघणाऱ्या टेबलावर गेला होता. पत्रात विचारलं होतं: 'आपण तयार करू इच्छित असलेला सुगंधी द्रव अंगास लावण्याचा आहे किंवा कसे, याचा खुलासा करावा.'

"बाई," सर म्हणाले, "आता हे अंगाला लावायचं का?" आणि ते हसायला लागले. टोपी काढून, डोळे पुसत हसले. मला मात्र रडू आलं. पाडव्याला बारा दिवस उरले होते.

त्या माणसानं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी शिपायाकडून दोन कानडी वाक्यं पाठ करून घेतली आणि रविवारी एकटीच मैंदर्गीच्या एसटीत बसले. तप्पु नंदु. वंदु वर्षा कोड्री. चूक माझी आहे, एक वर्ष द्या. खिडकीबाहेर बघत मी वाटभर तेच घोकत होते. शेजारची म्हातारी मला अंगारा लावायला निघाली होती.

अण्णा लिंबाखाली बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून दोन्ही वाक्यं एका दमात म्हणून टाकली. त्यांनी मला खालपासून वर न्याहाळलं. मग म्हणाले, "मराठीत बोला की, बाई. मला येतंय."

मी सगळं सांगितलं. लाल शाईसुद्धा. अण्णा बराच वेळ काडीनं जमिनीवर रेघा मारत बसले. "आमचा बंधू येडा हाय, हे मला म्हाईत हाय. पन त्या येड्यासाठी कोन बस धरून आलं न्हवतं आजवर. जावा. एक साल दिलं. पन मी सोता वास घेनार. तो म्हनतो तसला वास आला, तर येली ऱ्हातील. न्हाय आला, तर पुन्ना तुमी येऊ नका."

दुसऱ्या वर्षी अर्ज मी लिहिला, पण शब्द त्यांचे ठेवले. वासना जिथल्या तिथं, आणि मद्य म्हणजे मद्य. आणि गंमत अशी झाली, की ते वाक्य एकमेकांना वाचून दाखवायला म्हणून तो अर्ज कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि त्या नादात भराभरा पुढं सरकला. जानेवारीत परवाना हातात. फक्त एक बरणी, फक्त एकदा, आणि शेवटी एक अट: 'प्रयोग पूर्ण झाल्यावर तयार झालेले सर्व मद्य अधिकाऱ्यासमक्ष जमिनीवर ओतून नष्ट करावे.'

शिक्षकांच्या खोलीत सगळे हळहळले. सर आनंदानं टाळ्या पिटत होते. "मला प्यायचंय कुटं? ओतल्यावर तर वास पसरतोय!"

द्राक्षं पिकली तशी त्यांनी रजा काढली. वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली रजा. हेडमास्तरांनी काळजीनं विचारलं, घरी कोणाचं काही दुखतंय का. सर म्हणाले, "न्हाय, द्राक्षं उकळायला लागतील आता. आपोआप. आत जीव असतोय त्यांच्या." हेडमास्तरांनी रजा ताबडतोब मंजूर केली.

ठरलेल्या रविवारी दुपारी मी मैंदर्गीला गेले. दारूबंदीचे अधिकारी जीपमधून आले होते. शांत, वयस्क गृहस्थ. विहिरीजवळच्या खोलीतून सरांनी चिनी मातीची बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणली. पंधरा दिवसांत ते वाळले होते. दाढी वाढली होती. माझ्याकडं बघून हसले नाहीत.

वेलींच्या पहिल्या ओळीशी त्यांनी बरणी तिरपी केली. पिवळसर धार तापलेल्या मातीवर पडली आणि वास वर आला.

मला लगेच कळलं. नाकाला झोंबणारा, आंबूस वास. उन्हात राहिलेल्या लोणच्याचा यावा तसा.

अण्णा वाकले. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला. त्यांनी आयुष्यात असली वस्तू हुंगली नव्हती. त्यांनी भावाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "कसं हाय, बाई? ह्योच का तो?"

"हाच," मी म्हटलं. "फार सुरेख आहे."

अधिकाऱ्यांनी जन्मभर दुसऱ्यांची मडकी हुंगण्यात घालवली होती. त्यांना कळलं नसेल हे शक्यच नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी कागदावर मान खाली घातली आणि म्हणाले, "मग प्रयोग यशस्वी, असं लिहितो."

अण्णांचा चेहरा सैल झाला. मला वाटतं, त्यांनाही वेली काढायला मनातून नको होतं. "छलो ऐती," ते हळूच म्हणाले. चांगलं आहे.

"न्हाय साहेब," सर म्हणाले. "तसं लिहू नका. बिघडलंय. आंबलंय ते. बाई माझ्यासाठी खोटं बोलत्यात."

सरांनी बरणी खाली ठेवली. "गेल्या बुधवारी वासने आलीवती," ते म्हणाले. "सकाळी फडकं काढलं आनि आलीवती. गुलाब, सुंठ, सगळं. त्या बाटलीपेक्षा भारी. डॉक्टरीणबाईंनी पत्रात बजावलंवतं, उघडू नका, वारा लागला की बिघडतंय. माझ्यानं ऱ्हावलं न्हाय. दिवसातनं ईस वेळा उघडलं असंल. शुक्रवारी संपली. मीच संपवली."

अण्णांना राग आला, आणि तो बिघडल्याचा नव्हता; ते त्यांनाही कळलंच असावं. "गप बसला असतास तर?" ते मराठीतच ओरडले, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. "बाई व्हय म्हनल्या, सायेब व्हय म्हनले, मी व्हय म्हनलो. तुला काय झालं गप बसायला?"

"तू वासासाठी ठेवनार होतास, अण्णा. वास न्हाय. मग कशासाठी ठेवतोस?"

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, आणखी एक वर्ष मागा. मी पुन्हा अर्ज लिहिते. बुधवारी आला होता ना वास, मग तुमचं म्हणणं खरंच होतं की. ते म्हणाले, "एक साल मी मागितलं, एक तुमी मागितलं. तिसऱ्याला तोंड न्हाय, बाई."

पाडवा झाल्यावर त्यांनी वेली काढल्या. गडी लावले नाहीत. दर रविवारी एसटीनं जायचे आणि ओळीमागून ओळ स्वतः खणून काढायचे. चार रविवार लागले. सोमवारी हाताला फोड घेऊन वर्गावर यायचे, खडू नीट धरता यायचा नाही, तरी नकाशा काढायचे. पुढं अण्णांच्या बिनबियांच्या द्राक्षांनी घर वर आलं. सरांनी त्या द्राक्षांना कधी नावं ठेवली नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "चांगली हायती. गोड हायती," आणि विषय बदलला.

पुढं मी कायम झाले, सोलापुरातच राहिले. मुलांना खरेपणाबद्दल सांगायचं झालं की मी पस्तीस वर्षं सरांचीच गोष्ट सांगत आले, आणि सांगताना माझा ऊर भरून यायचा. तसा माणूस मी दुसरा बघितला नाही. पण मुलांना जे सांगितलं नाही ते इथं सांगते. त्या दुपारच्या माझ्या खोट्याची मला कधी लाज वाटली नाही. एक सरकारी अधिकारी, एक व्यवहारी भाऊ आणि एक हट्टी बाई, अशी तीन माणसं एका माणसाच्या वेडासाठी एकाच वेळी खोटं बोलायला तयार झाली होती. असं पुन्हा कुणासाठी झालेलं मी पाहिलं नाही. सरांनी त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं. मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे.